खात्रीची गोळी

चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या बाईंना सगळे नेमकेबाई म्हणत. खरं आडनाव काय ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. भिंग फ्रेममध्ये बसवण्याआधी त्या तीनदा मोजणार, चौथ्यांदा उजेडात धरणार. मालक कुरकुरायचे, "अहो बाई, तोवर गिऱ्हाईक म्हातारं होईल!" पण वीस वर्षांत एकही चष्मा परत आला नाही. मग मालक तरी काय बोलणार?

या बाई रविवारी दुपारी विमानं पाडत. सांगून खरं वाटणार नाही, पण खरं. धाकट्या भावाने शिकवलं होतं. आईच्या आजारपणात दोघांचं कडाक्याचं वाजलं, येणं-जाणं बंद झालं, फोनही थांबले. उरला तो इंटरनेटवरचा हा विमानांच्या लढाईचा खेळ. तिघांची तुकडी, कानाला हेडफोन. "डावीकडे ये गं ताई," एवढंच तो बोलायचा. बाईंना ते आठवडाभर पुरायचं.

भावाची तऱ्हा उलटी. शत्रू ठिपक्याएवढा दिसला की याच्या गोळ्या सुटल्याच. शंभरातल्या सात लागायच्या. बाईंच्या सत्तर. शेवटी पडद्यावर टक्के आले की बाई मनातल्या मनात फुशारून जायच्या.

त्या रविवारी भावाच्या पाठीला शत्रू लागला.

"ताई, मार!"

"लांब आहे रे अजून."

"लागली नाही तरी चालेल! तो बिचकून वळेल, मी सुटेन. मार ना!"

नेम जवळजवळ जुळला होता. बाई आणखी क्षणभर थांबल्या, आणि भावाचं विमान पेटलं. लगेच त्यांनी शत्रूला पाडलं, एकही गोळी वाया न घालवता.

हेडफोनमध्ये तो म्हणाला, "आईच्या वेळीही असंच केलंस. तिसऱ्या डॉक्टरचं मत येईपर्यंत थांबलीस." आणि निघून गेला.

तो बोलला त्यात तसूभरही खोटं नव्हतं. बाईंनी खेळातल्याच निरोपाच्या चौकटीत लिहिलं, 'चुकलं माझं.' फार तुटक वाटलं. खोडलं. सविस्तर लिहिलं, तर सारवासारव वाटली. तेही खोडलं. सोमवारी भिंगं घासताना, मंगळवारी जेवताना, बाई शब्द तासत राहिल्या. शनिवारी रात्री कुठे मनाजोगत्या तीन ओळी जमल्या. उद्या पुन्हा एकदा वाचून पाठवू, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी तुकडीत भावाचं नावच नव्हतं. निरोपही जाईना.

"तो गेला हा खेळच सोडून, सकाळीच," तुकडीतला तिसरा गडी म्हणाला. "आठवडाभर रोज विचारत होता, ताईचं काही आलं का म्हणून. अहो, नुसतं 'ए गधड्या' म्हटलं असतंत ना, तरी थांबला असता तो."