भर पावसात तुळशीला पाणी

मार्गशीर्षात पाऊस पडला की हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब धुऊन जाते. एरवी पहाटे रानातून चाललं, की दहिवराबरोबर ती पोटऱ्यांना, धोतराच्या काठाला चिकटते आणि नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. पण एका सरीत ती मातीला मिळते, आणि मग सगळं रान ओलं, बेचव, घरातलं माणूस उठून गेल्यासारखं उभं राहतं. उर्मिलाच्या लग्नाच्या सकाळी रान असंच होतं. रात्री शिंतडून गेलं होतं, आभाळ चाकूरच्या बाजूनं पुन्हा भरून येत होतं, आणि घरापुढच्या मांडवाच्या कनातीतून थंड वारा असा घुसत होता, की झेंडूच्या माळा खांबाला घासून पाकळ्या गाळत होत्या.

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. चार जड शब्द मला येतात, ते श्रावणात देवळात पोथी वाचून आलेले. कुठला कुठं बसवावा याचा अंदाज नाही. तरी लिहायला बसलो, कारण तोंडानं मी ही गोष्ट सात वर्षं सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली.

लेकीवर अक्षता पडताना आईनं पाहू नये, तेवढा वेळ तिनं घरी तुळशीला पाणी घालत राहावं, अशी आमच्याकडची रीत. मंगलाष्टकं संपली की कुणीतरी जाऊन तिला मांडवात आणतं. मी बायकोला, पद्मिनीला, सांगितलं, ‘मी सोता बोलवायला येतो. तवर हितून हलू नको.’

ती म्हणाली, ‘लवकर या. लेक अजून नवरीच्या लुगड्यात धड बघितली न्हाई मी.’

उर्मिलानं हट्टानं लातूरहून एक फोटोवाला बोलावला होता, अफरोज नावाचा. माणसांना कळू न देता त्यांची छबी टिपायची, त्याला कॅन्डिड म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्या मते फोटो म्हणजे सगळ्यांनी ओळीनं, श्वास धरून, कुणी मेल्यासारखं उभं राहायचं. अफरोज म्हणाला, ‘काका, माझ्याकडं बघूच नका. मी इथं न्हाईच, असं समजा.’

‘मग जेवायला कुणाला वाढायचं?’ मी म्हणालो. तो हसला, आणि त्याच वेळी कॅमेरा वाजला. तो फोटो आहे अजून. त्यात मी चांगला माणूस दिसतो.

मारुतीच्या दर्शनाला गेलेला नवरदेवाचा परण्या वाजतगाजत परत येत होता तेव्हा पाऊस कोसळला. मांडव पाण्यानं पोट फुगवून खाली बसू लागला आणि मुहूर्ताला अर्धा घंटा उरलेला असताना आम्ही सगळं लग्न उचलून सडकेनं अर्ध्या मैलावरच्या सोयाबीनच्या गोदामात नेलं. पद्मिनी तेवढी रीतीप्रमाणं घरी तुळशीपाशी राहिली. त्या धावपळीत अफरोज मात्र निळं प्लॅस्टिक पांघरून आनंदानं नाचत होता. नवरदेवाच्या फेट्याचा लाल रंग ओघळून त्याच्या मानेवर उतरला, तो त्यानं टिपला. वाजंत्र्यानं सनई उलटी करून त्यातलं पाणी सांडलं, ते टिपलं. माझी म्हातारी मावशी डोक्यावर घमेलं पालथं घालून रुबाबात चालली होती, तीही टिपली. गोदामात बारदानाचा, ओल्या रेशमाचा आणि हळदीचा मिळून एक उष्ण, कोंदट, तरीही मंगल वास दाटला होता. वर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की मंगलाष्टकांचे नुसते सूर कळत होते, शब्द नाहीत. अक्षता पडल्या. मी डोळे पुसले. पद्मिनीला आणायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

इथवर चूक होती, आणि चूक माणसाकडून होते. पुढचं चुकीत बसत नाही.

कन्यादानाला पाटावर आईच्या जागी घाईघाईनं माझी भावजय बसली. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, येईल, घरी आहे. मग वराकडची पहिली पंगत बसली. अफरोज आमच्या घरी राहिलेली त्याची पिशवी आणायला गाडीवर गेला होता, तो भिजून परत आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, ‘काका, काकू तुळशीपाशी उभ्या हायत. लई भिजून राहिल्यात. तुमची वाट बघून राहिल्यात.’ माझ्या हातात बुंदीची परात होती. समोर नांदेडकडच्या विहीणबाई, भात गार झाला म्हणून तोंड वाकडं करून बसलेल्या. मी म्हणालो, ‘एवढी पंगत उठू द्या.’ पंगत उठली, दुसरी बसली. तीही मी उठू दिली.

विहीणबाईंना ओलं लुगडं बदलायचं होतं, म्हणून शेवटी त्यांच्याच जीपमधून घरी गेलो. अंगणात पद्मिनी उभी होती, तांब्या हातात, पदर डोक्याला चिकटलेला, ओठ निळे. विहीणबाईंनी विचारलं, ‘अगंबाई, ह्या हितं काय करून राहिल्या?’ पद्मिनीनं उत्तर द्यायच्या आत मीच बोललो. म्हणालो, ‘येडी हाय आमची. भर पावसात तुळशीला पाणी घालती. चला म्हणलं तर तुळस सोडंना.’ जीपमधल्या बायका हसल्या. पद्मिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पदर तोंडाला लावून तीही हसली.

तो विनोद पुढं आमच्या घरात माणसासारखा वाढला. अल्बममध्ये अफरोजनं पिशवी न्यायला गेला तेव्हा काढलेला तिचा एक फोटो होता, आगपेटीएवढा, कोपऱ्यात. कुणी पाहुणा आला की मी त्याच्यावर बोट ठेवून ती गोष्ट सांगायचो आणि माणसं पोट धरून हसायची. उर्मिलानं तेवढं हसण्यावारी नेलं नाही. पाठवणीच्या वेळी ती आईच्या पायाला हात लावून सरळ गाडीत बसली, गळ्यात पडली नाही. दिवाळीला आली तेव्हा मला म्हणाली, ‘आईला माझ्यापरीस तुळस मोठी वाटली, अण्णा.’ पद्मिनी आत भाकरी थापत होती. भाकरीचा आवाज जरासा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गेल्या मार्गशीर्षात ती हृदयाच्या दुखण्यानं गेली. त्या पावसानं गेली, असं मी म्हणणार नाही. मधे सहा वर्षं चांगली हिंडती फिरती होती. पण त्या सहा वर्षांत तिनं मला एकदाही विचारलं नाही, आणि मी एकदाही तिच्यापुढं बसून बोललो नाही. तेराव्याला सुद्धा मी तो विनोद सांगितला. रडणारी माणसं हसली, म्हणून मला बरं वाटलं.

वर्षश्राद्धाला उर्मिलानं तोच फोटो मोठा करून भिंतीला लावायचं ठरवलं. म्हणाली, आई अशीच होती, वेडी. अफरोज स्वतः लातूरहून चौकट घेऊन आला. कागद सोडला आणि दाराच्या उजेडात ती हातभर पद्मिनी उभी राहिली. तुळशीवर पडणारी जी धार आम्ही सात वर्षं पाहत आलो होतो, ती तांब्या कलता केल्यानं पडत नव्हती. तांब्या सरळ होता. पावसानं काठोकाठ भरून तो आपोआप सांडत होता, आणि तिचं तिकडं लक्षही नव्हतं. मान वळवून ती फाटकातून सडकेकडं बघत होती.

उर्मिला चौकटीवर वाकली. ‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘आई कुणाकडं बघतीय?’

अफरोजनं माझ्याकडं पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. तेवढ्यात माझा चुलतभाऊ विठोबा ओसरीवरून आत डोकावला. ‘आली का आमची तुळसवाली?’ म्हणून तो कडेला बसला, तंबाखू मळत, गोष्टीची वाट बघत, हसायला आधीच तयार.

मी म्हणालो, ‘तिला तिथं मी उभं केलं होतं. बोलवायला येतो म्हणालो, आणि गेलो न्हाई. अफरोजनं सांगितलं तरी न्हाई.’ वाक्यं एवढीच होती. सांगून झाल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. विठोबाचा हात तळव्यावर थांबला. उर्मिला माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘किती वेळ?’

‘दोन पंगती.’

मग अफरोज हळूच बोलला, माझ्याशी नाही, तिच्याशी. ‘मी म्हणलो होतो काकूला, लग्न लागलं, चला माझ्या गाडीवर. तर म्हणल्या, ह्यायनी येतो म्हणून सांगितलंय. आले अन् मी जाग्यावर नसले, तर त्यांचा गोंधळ होईल.’

उर्मिलानं पदराच्या टोकानं काच पुसली, जरी काच स्वच्छ होती, आणि परसात निघून गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. जायचा हक्क नव्हता, आणि नाही गेलो तर तेच पुन्हा केल्यासारखं होत होतं. दोन्ही मला एकदमच कळत होतं.

इतकी वर्षं मी समजत आलो, की ती माझ्या शब्दाला भीत होती. भिणारं माणूस मालकाच्या रागाचा विचार करतं. तिनं तर माझा गोंधळ होईल, याचा केला. आता सकाळी उठून मी चहाचा डबा शोधतो, चष्मा शोधतो, औषधाची पुडी शोधतो, आणि कुठलीच वस्तू जाग्यावर नसली की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन नुसता उभा राहतो, कुणीतरी बोलवायला येईल तोवर.