बिनमिठाचं घर

"आ करा."

नवरा बाहेरून आला की आमच्या शेजारची मामी त्याला उंबऱ्यातच अडवायची आणि एवढंच म्हणायची. मामा वहाणासुद्धा न काढता तोंड उघडायचा. मग ती टाचा उंचावून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. पन्नाशीचा बाप्या, चावडीवर ज्याच्या शब्दाला मान, तो आपल्याच दारात आ वासून उभा! तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. आम्ही तर पोट धरधरून हसायचो.

लोणचं, पापड, भजं, काय खाल्लं ते तिला बरोबर कळायचं. एकदा मामा शहाणपणा करून वरून ओवा चघळून आला.

"ओवा काऊन खाल्ला?" ती म्हणाली. "ओव्याखाली काय दडवलं ते सांगा."

मामानं मुकाट्यानं आंब्याचं लोणचं कबूल केलं.

ही गोष्ट आमचा वऱ्हाड नागपूरच्या सरकारखाली होता तेव्हाची. वडनेर भोलजीहून उत्तरेला, पूर्णा नदीच्या अंगाला आमचं गाव. मामाचे पाय सुजायला लागले, मग सकाळी उठल्यावर डोळेही सुजलेले दिसू लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं: मूत्रपिंडं सुजली आहेत, दुखणं जुनं आहे, मुळातून जाणार नाही, पण खाणं सांभाळलं तर माणूस काही वर्षं काढील. मीठ बंद. डाळ नावापुरती. भात, भाकरी, थोडं दूध.

मामीला मूलबाळ नव्हतं. एक भाऊ होता, तो तिकडे लांब सुलतानपूरला. नवरा हेच तिचं सगळं गणगोत. घरी आल्या आल्या तिनं मिठाचं मडकं उकिरड्यावर उपडं केलं आणि त्या दिवसापासून स्वतःही अळणीच जेवायला लागली.

"तू तं खात जाय वो बाई," माझी माय तिला म्हणाली.

"त्याईले अळणी अन् मले खारं? घास उतरन का मले?"

रोज सकाळी ती मामाला ओट्यावर बसवायची आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबायची. मऊ चिखलात पडावा तसा तिथे खड्डा पडायचा. तो भरून येईपर्यंत ती टक लावून बघत बसायची. कधी लवकर भरला तर तिचा दिवस बरा जायचा. पण बहुतेक दिवस तो तसाच राहायचा, आणि मग ती कोणाशीही धड बोलायची नाही.

गावाला कळवळा मामाचा. माणूसच तसा होता, गरीब गाईसारखा. त्याचं तोंड बेचव झालं म्हणून जो तो त्याच्या हातावर काहीबाही ठेवायचा. माझ्या मायनंही ठेवलं. मामी कमरेवर हात ठेवून आमच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या लोणच्याले मीठ लागते, माह्या कुंकवाले नाही लागत! पुन्हा देल्लं तं माह्यासारखी वाईट नाही, सांगून ठेवतो!"

मायनं आठवडाभर अबोला धरला. गावानं मामीचं नाव कैदाशीण ठेवलं. नवऱ्याला उपाशी मारते म्हणाले. खरं सांगतो, मलाही ती आवडायची नाही. पण एवढं करूनही मामाची सूज हटत नव्हती, आणि ती बाई आतल्या आत वाळत चालली होती, हे दिसत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची लस टोचायला तेच डॉक्टर गावात आले आणि आमच्या ओट्यावर टेकले. मामी घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या भरून घेऊन धावतच आली.

"साहेब, वर्ष झालं, मिठाचा खडा घरात नाही. पाय काऊन उतरत नाहीत त्याईचे? माह्यं काय चुकून राह्यलं?"

डॉक्टर मूळचे पुण्याकडचे. त्यांनी घोट घेतला, तो तोंडातच धरला, आणि ओट्याच्या कडेला जाऊन थुंकला.

"बाई, हे पाणी खारं आहे!"

"पानी पान्यासारखंच हाय," मामी म्हणाली.

आम्हीही तेच म्हणालो. आमचा सगळा मुलूखच खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचंच पाणी खारं. जन्मापासून तेच पीत आलो, आम्हाला त्याची चव कशी कळणार?

"हेच देता त्यांना?"

"हेच. म्या माह्या हातानं देतो."

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. तेवढ्यावरूनच ती काय ते समजली. रडली नाही, ओरडली नाही. घरात गेली आणि रांजण, माठ, घागर, सगळं अंगणात ओतून आली.

त्यानंतर ती कोसभर चालून पूर्णेच्या वाळूत झिरा उकरायची. त्यात झिरपलेलं गोडं पाणी वाटी-वाटीनं भरायची आणि डोक्यावर घागर घेऊन उन्हातून परतायची. मामाचे पाय खरंच थोडे उतरले. चार दिवस तो पारावरही येऊन बसला. पण आत जे नासायचं ते नासून गेलं होतं. पोळ्यापर्यंत त्यानं अंथरूण धरलं. अन्न नकोसं झालं, श्वास लागायला लागला. आणि त्याला ते गोडं पाणी घशाखाली उतरेना.

"हे पानी बी अळणीच," तो म्हणायचा. "आपल्या हिरीचं दे नं."

"नाही देत. जीव गेला तरी नाही देत."

"जीव तं जाऊनच राह्यला, बाई."

दोन दिवस ती भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं गपचूप दोर उचलला आणि विहिरीवर गेली. मी तिथेच होतो, म्हणून पोहरा ओढायला पुढे झालो. तिनं माझा हात बाजूला केला. घरी येऊन तिनं मामाची मान मांडीवर घेतली आणि ते पाणी घोट घोट पाजलं.

"हां," मामा म्हणाला. "आता कसं, पानी पेल्यावानी वाटलं."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला जमलेल्या बाया तिला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजत होत्या, की मीठ तोडून तोडून बाईनं नवरा मारला. माझ्या मायला ते सहन झालं नाही. ती त्यांच्यावर तोंड टाकणार, तोच मामीनं तिचा पदर धरून खाली बसवलं.

"बोलू दे, माय. या बायाईले काय ठाव? मीठ तोडून नाही गेले ते. माह्या हातानं मीठ पिऊन गेले."

तेरावं झाल्यावर भाऊ येऊन तिला सुलतानपूरला घेऊन गेला. ती परत आली नाही. आम्ही त्याच विहिरीचं पाणी पीत राहिलो. गावात दुसरी विहीर होती, तीही खारीच होती.