हात वर केल्याशिवाय

आग दिसली की माणसं पाणी शोधतात. मी फोन शोधला. तेव्हा मी तशी तरुण होते, साठी नुकती ओलांडलेली. नातीने व्हॉट्सअॅप शिकवलं होतं आणि जगात घडेल ते लोकांना माझ्यामार्फतच कळतं, अशी माझी ठाम समजूत झाली होती. त्या संध्याकाळी मी एक मेसेज पाठवला. ज्यांना पाठवला, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

कांजूरमार्गला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मालगाडीवर गार्ड. आम्ही सगळे गार्डसाहेबच म्हणायचो. ड्युटी नसली की दार सताड उघडं टाकून बनियन-लुंगीवर खुर्चीत बसलेले. जिन्याने कोणीही जाऊ दे, यांचा उजवा हात वर.

"ऑलराइट?"

आपणही हात वर करायचा. नाही केला तर मागून हाक, "थांबा थांबा! हात वर केल्याशिवाय गाडी सुटायची नाही!"

स्टेशनातून गाडी जाते तेव्हा मास्तर आणि गार्ड एकमेकांना हिरवा बावटा दाखवतात, सगळं ठीक आहे म्हणून. साहेबांनी ते घरी आणलं होतं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेलच, घरीसुद्धा नोकरीवर असलेला.

मी तिसऱ्या मजल्यावरची. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत चढायची. एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, हात कुठून वर करू? मी काय मालडबा आहे?"

"छे हो वहिनी! तुम्ही एक्स्प्रेस. नुसती मान हलवलीत तरी चालेल."

आतून त्यांची बायको शैला ओरडली, "अहो, जाऊ द्या तिला! दूध नासेल तिचं!"

फोनवरही तेच. ड्युटीवरून आले, आंघोळ झाली, की साचलेल्या प्रत्येक मेसेजला अंगठा. सुप्रभातला अंगठा. उद्या पाणी नाही, अंगठा. तळमजल्यावरच्या आजी गेल्याचा मेसेज आला, त्यालाही अंगठा! ग्रुपवर नुसता गोंधळ. सेक्रेटरी भांडायला वर आले, तर साहेब बिचारे कानकोंडे होऊन म्हणतात, "मिळाला, एवढंच कळवलं हो. पोचलं की कळवायला नको?" आणि आजींच्या तेराव्याला पंगतीत वाढायला सगळ्यांच्या आधी हेच उभे.

त्या दिवशी मी आणि शैला गच्चीवर वाळलेले पापड गोळा करत होतो. ऊन उतरलं होतं. एकदम धडाड असा आवाज झाला, पायाखालची गच्ची हलली. थोड्या वेळाने काळा धूर उठला आणि त्याच्या पोटातून नारिंगी जाळ.

"डम्पिंग पेटलं वाटतं परत," शैला म्हणाली.

मलाही तेच वाटलं. आमच्या गच्चीवरून रूळ आणि कचऱ्याचं डम्पिंग एकाच अंगाला दिसतात, रूळ अलीकडे, डम्पिंग पलीकडे. आणि डम्पिंग पेटणं आम्हाला काही नवीन नव्हतं. मी फोन काढला, जाळाचा फोटो घेतला आणि शैलाला वाचून दाखवत दाखवत साहेबांना लिहिलं, "आमच्याकडे होळी लवकर पेटली. या लवकर, पापड इथेच भाजून मिळतील!" शैला इतकी हसली की तिच्या हातातला पापड मोडला.

मग खालून वॉचमन ओरडला, "मालगाडी! मालगाडीला मालगाडी धडकलीय! तेलाच्या टाक्या आहेत!"

शैलाचं हसू ओठावर तसंच राहिलं. साहेब कुठल्या गाडीवर आहेत, हे तिला कुठे ठाऊक असणार? पण ती चप्पल न घालता जिना उतरत गेली.

तेलाच्या टाक्यांची गाडी उभी होती. मागून आलेली गाडी साहेबांची. गार्डाचा डबा शेवटचा, म्हणून धक्क्यातून ते वाचले. उतरले आणि लाल बावटा घेऊन शेजारच्या रुळावरून पळत सुटले. समोरून येणारी गाडी थांबली. तिथेच राहिले असते तर आज खुर्चीत बसलेले असते. पण आपला ड्रायव्हर पुढे इंजिनात आहे म्हणून मागे फिरले, आणि तेवढ्यात दुसरी टाकी फुटली.

भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी जिन्यात म्हणालं, "शेवटचे दिसले तेव्हा हातात मोबाईल होता. जागीच थांबून बघत होते काहीतरी."

मी वरच्या पायरीवर होते. तिथेच बसले.

त्यानंतर साहेबांचं नाव फोनमध्ये दिसलं तरी मी बोट उचलून घ्यायची. माझा मेसेज त्यांनी उघडला असेल तर? पापडाचा विनोद वाचायला माणूस क्षणभर थांबला असेल तर? जिभेला हाड नसलेली बाई मी, पण हे कुणाला विचारलं नाही. नातीला सांगितलं, फोन बिघडलाय. शैलाचं दार तसंच उघडं असायचं. मी पिशव्या पोटाशी धरून, खाली मान घालून, चोरासारखी पुढे सटकायची. आत बघायची हिंमत नव्हती.

एका दुपारी शैलाच वर आली. हातात माझा पापडांचा डबा.

"तुझे आहेत. त्या दिवशीचे."

मी डबा घेतला आणि मला काही आवरेना. रडत रडत सगळं ओकले. ती ऐकत होती. मग हात पुढे करून म्हणाली, "फोन दे."

"नको गं शैला."

"दे म्हणते ना!"

तिने चष्मा पुसला, साहेबांचं नाव शोधलं, उघडलं. माझा तो मेसेज तिने पुन्हा अख्खा वाचला असावा, कारण ओठ हलत होते. पापडापाशी ते जरासे मुडपले. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. तिने माझा दंड धरून मला वळवलं आणि फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ, एकच टिक आहे. पोचलाच नाही त्यांना. ड्युटीवर नेट बंद ठेवायचे ते. हातातला फोन रेल्वेच्या कंट्रोल रूमला लावत असतील. आता उद्यापासून मान खाली घालून जाऊ नकोस माझ्या दारावरून. हात वर कर. त्यांच्या खुर्चीत मी बसलेली असते."