ग्रुपमधून काढलेली सुईदोरा

चष्मेवाल्या दादाचा राग कायम नाकावर. गिऱ्हाईक फ्रेम निवडताना जरा रेंगाळलं की म्हणायचा, "लग्न करताय का तिच्याशी?" पण मोबाइलवरच्या ग्रुपात हाच माणूस मऊ मेणासारखा! क्रिप्टोत पैसे घालणारे लोक तिथं जमायचे आणि दादा त्यांचा राखणदार, तोही फुकटचा. काचा घासून झाल्या की काउंटरवर कोपर टेकून एकेकाला समजावत बसायचा.

मग ग्रुपात चोर शिरले. "मी नवीन आहे, मदत करा" म्हणत यायचे आणि मदतीला येईल त्यालाच गुंडाळायचे. दोघातिघांची मोबाइलवरची क्रिप्टोची पाकिटं साफ झाल्यावर दादाचं डोकं फिरलं. त्यानं ठरवलं, नव्या माणसानं आल्या आल्या गुप्त शब्दांचा विषय काढला की तो बाहेर. हे शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली. ते ज्याच्या हाती, त्याचे पैसे.

त्याच्या जोडीला राखण करणारी शाळेतली एक बाई होती. ती म्हणाली, "अहो दादा, नवीन माणूस तेच विचारणार ना! त्याला धास्तीच त्याची असते. निदान दोन शब्द बोला तरी."

"तुम्ही पायघड्या घालत बसा बाई, तोवर चोर घर धुऊन नेईल."

बाईनं नाद सोडला. दादापुढं कोण डोकं फोडणार?

दादाची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडं कपडे शिवायची. नवरा गेल्यापासून एकटीच. स्वतःच्या दुकानासाठी तिनं पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, आणि दादाचं ऐकून ऐकून ते गुपचूप क्रिप्टोत घातले होते. त्याला विचारायची सोय नव्हती. "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ऐकत आली होती.

म्हणून ती ग्रुपात आली. नाव घेतलं सुईदोरा, फोटो लावला फुलाचा. दादा परक्यांशी किती मायेनं बोलतो ते वाचून तिला हसू यायचं, आणि आत कुठंतरी दुखायचंही. शेवटी धीर करून तिनं पहिला प्रश्न विचारला, "दादा, ते गुप्त शब्द कुठं जपून ठेवायचे?"

दादाच्या हातात तेव्हा कुणाच्या तरी चष्म्याची मोडकी दांडी होती. त्यानं अंगठ्यानं सुईदोराला काढून टाकलं आणि सांडलेला स्क्रू शोधायला लागला.

चोर मात्र ग्रुपातच दबा धरून होता. कुणाला हाकललं जातंय यावरच मेल्याचा डोळा. हाकललेला माणूस गोंधळलेला असतो, आणि त्याला विचारायलाही कुणी उरत नाही. चोरानं दादाचं नाव, दादाच्या दुकानाचा फोटो लावून बहिणीला लिहिलं, "चुकून काढलं गेलं, माफ करा."

पुढचं दादाला कळलं ते बहीण दुकानात आली तेव्हा. फोन पुढं करत म्हणाली, "दादा, जपून ठेवायला मागितलेस ते शब्द पाठवले तुला, पण पाकीट रिकामं दिसतंय. असंच असतं का रे आधी?"

दादानं फोन हिसकावून घेऊन वाचलं.

"अगं, हा मी नाही! मी आपणहून कुणाला लिहीत नाही, ग्रुपात वरच लिहिलंय ना ते!"

"मला आता कुठं दिसणार? सुईदोरा मीच, तू काढलंस ना मला."

"मग संशय कसा नाही आला तुला?" सवयीनं तो ओरडलाच.

तिनं फोनवर बोटानं आधीचं दाखवलं. तिनं लिहिलं होतं, "दादा, अरे मी तुझी धाकटी." त्यावर उत्तर होतं, "अगं, तू होय! आधी नाही का सांगायचं? जेवलीस का?"

"शिवून शिवून पाठ दुखत असेल, असंही म्हणाला," ती खालच्या आवाजात बोलली. "मला वाटलं, तुला समोर जमत नाही, म्हणून लिहितोयस."

दादाला रडू आवरेना. पैसे गेले ते गेलेच, तिचं व्हायचं दुकानही गेलं.

आता तो कुणाला न बोलता काढत नाही. कितीही खुळा प्रश्न येवो, उत्तर देतो, वर ग्रुपाचे नियम समजावतो. बाई काही टोमणा मारत नाही.

आणि रोज दुपारी तो बहिणीला लिहितो, "जेवलीस का?" ती उत्तर लिहीत नाही. दोन गल्ल्या चालत येते, दुकानाच्या दारात उभं राहून त्याचा चेहरा नीट बघून घेते, आणि मग म्हणते, "जेवले."