लाल रेघेखालची दाढ

"काका, इम्प्लांट हाडात पक्का आहे. आतला स्क्रू सैल झालाय," एक्स-रे पाहून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचा आहे?"

कंपनीचं नाव मला ठाऊकच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी सिल्वासातच मी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला होता. इम्प्लांट म्हणजे हाडात रुतवलेलं धातूचं मूळ. त्यावर ॲबटमेंट, म्हणजे जोडाचा तुकडा, बारीक स्क्रूने आवळतात आणि त्यावर दाताची कॅप बसवतात. आठवडाभर भाकरी चावताना ती कॅप डुगडुगत होती.

"प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो," मॅडम म्हणाल्या. "अंदाजाने लावला आणि स्क्रूचं डोकं झिजलं, तर तो कोरून काढावा लागेल. तेही जमलं नाही, तर हाड कापून सगळा इम्प्लांटच काढायचा."

मला मधुमेह आहे. पहिल्या वेळची जखम भरायला दोन महिने लागले होते. पुन्हा हाड कापून घ्यायची माझी तयारी नव्हती.

खरं तर माझ्याकडे इम्प्लांटची माहिती छापलेली चिठ्ठी होती. पण मी जवळच्या सायली गावातल्या एका प्लास्टिक कारखान्यात क्वालिटी तपासतो, आणि महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेट करायचा ही आमची खोड. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी बिलासारख्या गुळगुळीत कागदावर छापलेली होती. दुसऱ्याच दिवशी मी ती कारखान्यातल्या मशीनमध्ये घातली. तो कागद तापला की काळा पडतो. अख्खी चिठ्ठी काळीठिक्कर होऊन बाहेर आली, आणि मी ती लाजेने कपाटात दडवली. आता ती बायकोच्या हाती लागली. आम्ही मूळचे धुळ्याचे, त्यामुळे टोमणा घरच्या बोलीतच आला. "आते दातबी लॅमिनेट करी ल्या!"

जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे परदेशी गेले होते. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. चार दिवस मी एकाच बाजूने चावत चौकशा करत हिंडलो. शेवटी शेजारचा औषधवाला म्हणाला, "कुसुमबेनला विचारा ने. जुने चोपडे तिनेच सांभाळलेत."

कुसुमबेन जुन्या डॉक्टरांच्या मदतनीस, इकडच्याच दुधनी गावच्या. डॉक्टरांनी जाताना आपले रुग्ण ज्या दुसऱ्या दंतवैद्यांकडे सोपवले, त्यांच्याकडेच त्या आता काम करतात. जुना कॉम्प्युटर कधीच बंद पडला होता, पण हाताने लिहिलेल्या नोंदवह्या त्यांनी आठवणीने तिथे आणून कपाटात लावल्या होत्या.

मी तिथे जाऊन ओळख द्यायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "चेहरे नाय राहत ध्यानात, भाऊ. नाव बोला."

दोन मिनिटांत पान सापडलं. माझं नाव, दाढेचा नंबर, आणि पाकिटावरचं स्टिकर जसंच्या तसं चिकटवलेलं. त्यावर कंपनी, लांबी, जाडी, लॉट नंबर. पण स्टिकरवर आडवी लाल रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा घट्ट बसला नाही. काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला.' त्याखाली दुसरं स्टिकर, वेळ आणि दोन सह्या, डॉक्टरांची आणि कुसुमबेनची.

"चिठ्ठी सकाळीच, बसवायच्या आधी छापलेली, पहिल्याची," त्या म्हणाल्या. "जुनी देऊन नवी घ्यायला मी तुम्हाला दोनदा फोन केला. लिवलंय बघा इथं. तुम्ही आलाच नाय."

मी कसा जाणार? काळी चिठ्ठी दाखवायची लाज वाटत होती. आणि ती चिठ्ठी शाबूत असूनही मी आळसाने गेलो नसतो, तर ती ऐटीत मॅडमपुढे ठेवली असती आणि चुकीचा पाना लागला असता.

कुसुमबेननी तिथल्या डॉक्टरांना विचारून पानाची प्रत काढून दिली. "हिला मशीनमध्ये नका घालू," एवढंच बोलल्या. बहुतेक औषधवाल्याने आधीच सगळं सांगितलं होतं.

मॅडमनी योग्य पाना मागवला. जुना स्क्रू अलगद निघाला, नवा बसला. खुर्चीत मी जेमतेम वीस मिनिटं होतो. त्या रात्री भाकरी दोन्ही बाजूंनी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्यामुळे नव्हतं.

तुम्ही इम्प्लांट बसवणार असाल तर पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या, वहीत चिकटवा, फोटो काढून घरच्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. आणि दवाखान्यातून फोन आला तर उचला आणि जा.

कुसुमबेन दहावी झालेल्या नाहीत. मी क्वालिटीत वीस वर्षं घालवली, पण आमच्याकडे वजनाचा आकडा चुकीचा लिहिला गेला, की आम्ही पान फाडून नवं लिहितो. तपासणीला येणारे आमच्या स्वच्छ वहीचं कौतुक करतात, आणि मीही ते मान डोलवत ऐकत आलो.

परवा पहिल्या पाळीत माझ्याकडून एक वजन चुकीचं लिहिलं गेलं. सवयीने हात पानाच्या कोपऱ्याकडे गेला. तेवढ्यात जीभ त्या दाढेला लागली. मी लाल पेन मागवलं, आकड्यावर एक रेघ मारली, खाली खरा आकडा, वेळ आणि सही.

पान खराब दिसतंय. दिसू दे.