एकास पाच

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात माझी प्रोबेत्साइट, म्हणजे कायम होण्याआधीचा परीक्षेचा काळ, संपायला तीन आठवडे राहिले होते. माझं काम चांगलं होतं. पण मीटिंगमध्ये "किती दिवस लागतील?" असं विचारलं की मी म्हणायचो, "तुम्ही सांगाल तसं." आमच्या गावच्या शाळेत हे उत्तर शहाण्या मुलाचं समजत. माझ्या आयरिश टीमलीडला मात्र ते चालेना. "आकडा तुझ्या तोंडून आला पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर याला कायम करा, असं मी कशाच्या जोरावर लिहू?" कायम झाल्याचं पत्र मिळेपर्यंत बायकोला पुण्याची नोकरी सोडता येत नव्हती.

त्याच आठवड्यात कामासाठी आम्ही दोघं आयर्लंडला गेलो. दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर तो मला ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीला घेऊन गेला. तिथे त्याची आत्या बुकी होती.

आमच्या गावात बुकी म्हणजे पानटपरीमागे मटक्याचे आकडे घेणारा माणूस. शाळेत शिपाई असलेले माझे वडील, अप्पा, त्याच्या सावलीलाही मला उभं राहू देत नसत. इथे बुकी उघड्यावर रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर भावाचा फलक. काळं जॅकेट घातलेली चार नंबरची कुत्री मान खाली घालून चालली होती. वर्गातल्या अभ्यासू मुलीसारखी.

"चार नंबरचा भाव काय?" मी आत्याबाईंना विचारलं.

"एकास पाच."

"एक मिनिट हं." मी टीमलीडला विचारायला धावलो. "मला कशाला विचारतोस?" तो म्हणाला. परत आलो तर फलकावर तीन.

"आत्ता तर पाच होते!"

"तेव्हा तू नुसतं विचारलंस, बाळा. घेतलं नाहीस."

मी आठवडी बाजारात बोलावं तसं म्हणालो, "बरं, चार लावा." मागची माणसं हसली.

"मी कोबी विकत नाही," आत्याबाई म्हणाल्या. मी मुकाट्याने पाच युरो देऊन तीनच्या भावाने तिकीट घेतलं.

कुत्री जिंकली. मला तीनने पैसे मिळाले. माझ्या आधी पाचच्या भावाने तिकीट घेतलेल्या म्हाताऱ्याला त्याच पैशांच्या पिशवीतून पाचने मिळाले. आत्याबाईंच्या कपाळावर आठी नाही. कोण जिंकणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्या आकडा बोलत होत्या, चुकला वाटला तर पुढच्यासाठी बदलत होत्या, आणि आधी बोललेला पाळत होत्या. मी अंदाज चुकेल म्हणून तोंडच उघडत नव्हतो.

अप्पांना फोनवर सगळं सांगितलं.

"हरलास ना?"

"जिंकलो."

"हे जास्त वाईट. परत जायचं न्हाई." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पण ती बाई बोलली तेवढं देती?"

"देते, अप्पा."

"मग बाई बरी हाय."

सोमवारी मीटिंगमध्ये प्रश्न आला. 'तुम्ही सांगाल तसं' अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "अकरा दिवस."

"अकराच का?" टीमलीडने विचारलं. मी एकेक दिवसाचं काम सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी ग्राहकाने आणखी एक मागणी पुढे केली. मी म्हणालो, "त्याचे वेगळे चार दिवस. आधीचं अकरातच देतो." अकराव्या दिवशी दुपारी काम दिलं.

त्या शुक्रवारी टीमलीडने पत्र टेबलावर ठेवलं. कायम. मी एस-बान लोकलमधूनच बायकोला फोन लावला. आधी ती रडली, मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "अहो, मग घर कधीपर्यंत मिळेल? 'बघू' म्हणू नका हं."

जर्मनीत घर शोधणं किती अवघड असतं हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "आठ आठवडे."

"नक्की?"

"बोललो ना."

सातव्या आठवड्यात किल्ली हातात आली. आता बायको समोर बसून शेजारणीने दिलेल्या कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवते आहे. मला विचारते आहे, आणि मी लगेच सांगतो आहे.