गरम की थंड

आमच्या बिल्डिंगमधला एक गृहस्थ कारखान्यांतल्या विजेच्या पॅनलमध्ये कुठली तार तापलीय, ते कॅमेऱ्यातून बघत हिंडायचा. जे तापलंय ते त्याच्या पडद्यावर पांढरं दिसायचं. सवयीनं तो सगळ्यालाच 'गरम' नाहीतर 'थंड' म्हणायचा, अगदी माणसांनाही.

निर्मळ गावातल्या एका केळीच्या वाडीत केळी खाणारं उदमांजर शोधायला वाडीवाले आधी मलाच बोलवायचे. माझ्याकडे अंधारात थोड्याशा उजेडावरही हिरवं चित्र दाखवणारी रशियन दुर्बीण होती. एकदा मीच हौसेनं त्याला सोबत नेलं. केळीखाली चांदणं पोचत नव्हतं, त्यामुळे मला नुसती हिरवी गिचमीड दिसली. त्यानं कॅमेरा फिरवला आणि म्हणाला, "तिसऱ्या घडावर. गरम." तेव्हापासून वाडीवाले मला बघितलं की विचारायचे, "तुमचे शेजारी नाय आले?"

"तुमच्यात नुसता पांढरा ठिपका. माझ्यात मिशासुद्धा दिसतात," मी एकदा ऐकवलंच.

"हो ना, मिशा बघाव्यात तर तुमच्यातच," तो मनापासून म्हणाला. धड भांडायचाही नाही मेला!

"तुम्ही जळता त्याच्यावर," बायको म्हणाली. मी म्हटलं, छे!

एका संध्याकाळी वाडीत शिरताना त्यानं सहज कॅमेरा माझ्याकडे वळवला, पडदा बघितला आणि काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही. मग कान एवढे गरम कशानं?"

"चालून आलोय ना," मी म्हणालो.

आम्ही त्याच्याच स्कूटरवरून आलो होतो.